दोन दीनार आणि वरचा खर्च

शास्त्रभाग : लूक १०:२५-३७. विशेष विचारार्थ ओवी ३५.



दयाळू शोमरोन्याचा दाखला ज्याने ऐकला नाही असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत विरळा. शब्बाथशाळेतील लहान मूलसुद्धा तो सांगू शकते. यरुशलेमेहून यरीहोस जाणारा वाटसरू लुटारूंच्या हाती सापडला. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. आणि ज्याला यहूदी लोक आपला म्हणत नसत त्या शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधिल्या. उपदेश बहुधा येथेच संपतो. परंतु प्रभू येथे थांबला नाही. त्याने ह्या दाखल्यात आणखी एक मनुष्य आणिला आहे, ज्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक.

शोमरोन्याने त्या रात्री जखमी मनुष्याची काळजी स्वतः घेतली. दुसऱ्या दिवशी त्याला पुढे जाणे भाग होते. मग त्याने काय केले? जखमी मनुष्याला त्याने देवाच्या भरवशावर सोडिले नाही, आणि रक्षकाला, तुला पुण्य लागेल, असे म्हणून तो चालता झाला नाही. त्याने दोन दीनार काढून रक्षकाच्या हाती ठेविले, शुश्रूषा करण्यास सांगितले, आणि ह्याहून अधिक लागले तर परत येताना भरून देईन असा शब्द दिला. एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून आपणांस कळते. म्हणजे दोन दिवसांची मजुरी आगाऊ, आणि वरच्या खर्चाची हमी. दयेविषयीच्या ह्या सर्वांत प्रसिद्ध दाखल्यात प्रभूने पैशाचा आकडा घातला आहे, ही गोष्ट आपल्या ध्यानात आली आहे काय? शोमरोन्याने स्वतः केलेली सेवा फुकट होती. पण दुसऱ्याकडून करविलेल्या सेवेचे त्याने दाम मोजिले. आजचा सर्व उपदेश ह्या एका गोष्टीवर आहे.

हा प्रश्न आपल्या दारी कसा आला ते पाहा. धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव आपणांपैकी पुष्कळांच्या माहितीचे आहे. रामलिंगाचा डोंगर जवळ. सोलापूर-धुळे हमरस्ता गावावरून जातो. बार्शी आणि लातूर ह्या दोन्ही बाजूंस रस्ते फुटतात. आणि रेल्वेचे स्टेशनही आहे. ज्या गावास इतके रस्ते, त्या गावातून तरुण माणूस बाहेर जाण्यास वेळ लागत नाही. कोणी पुण्यास कारखान्यात, कोणी सोलापुरास, कोणी ऊसतोडीस कारखान्यांच्या मुलखात. मागे राहतात आईबाप. जोवर हातपाय चालतात तोवर ठीक. परंतु एके दिवशी आईला अर्धांगवायू होतो, किंवा बापाच्या मांडीचे हाड मोडते, आणि मुलगा सुट्टी घेऊन धावत येतो. आठ दिवसांनी त्याची सुट्टी संपते. मग गावातीलच एखादी बाई शोधतात. ती सकाळी दोन तास येते व संध्याकाळी दोन तास येते. म्हातारीला उठविते, अंग पुसते, कपडे बदलते, कूस पालटते, भाकरी कुस्करून भरविते, औषध देते. हे एकट्या येडशीत नव्हे, आपल्या बहुतेक गावांत घडत आहे. आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न उठतो : ह्या बाईला द्यावे किती?

हा प्रश्न हिशेबाचा आहे, धर्माचा नाही, असे कोणी म्हणेल. परंतु पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. लेवीय १९:१३ ह्यात मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवणे आणि शेजाऱ्यास लुटणे ह्या दोन गोष्टी एकाच ओवीत मनाई केल्या आहेत. यिर्मया संदेष्ट्याने यहोयाकीम राजाला दोष दिला तो मूर्तिपूजेचे नाव घेऊन नव्हे, तर शेजाऱ्याकडून फुकट काम करवून घेऊन वाडा बांधल्याबद्दल (यिर्मया २२:१३). म्हणून मजुरीचा आकडा हा उपासनेचाच भाग समजून आपण त्याचा विचार करू.

पहिली गोष्ट : शुश्रूषा हे काम आहे, आणि कामास मजुरी आहे.

आपल्या भाषेत सेवा हा शब्द फार गोड आहे. परंतु गोड शब्दाच्या आड कडू व्यवहार लपतो. शेतात खुरपणीस बाई लाविली तर तिचा रोज किती हे कोणासही विचारावे लागत नाही. तो गावात ठरलेला असतो. पण तीच बाई म्हातारीची मलमूत्राची घाण काढू लागली म्हणजे आपण म्हणतो, ही तर सेवा आहे, हिचे मोल पैशात कसे करावे? आणि ज्याचे मोल पैशात करता येत नाही असे आपण म्हणतो, त्याला बहुधा थोडेच पैसे देतो. भाव काढिता येत नाही म्हणून सोने कोणी फुकट देत नाही. मग शुश्रूषाच तेवढी फुकट का मागावी?

ह्या कामास किती कसब लागते ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस वेळच्या वेळी पालटिली नाही तर पाठीस जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की भरून येण्यास महिने लागतात. गिळण्यास त्रास होणाऱ्यास आडवे निजवून पाणी पाजिले तर ते श्वासनलिकेत जाते. जड माणसास उचलताना कंबर सांभाळून उचलावे लागते, नाही तर रोगी एक आणि दुखणेकरी दोन अशी गत होते. हे सर्व ज्या बाईस येते ती केवळ मोलकरीण नव्हे.

ह्याविषयी आपल्या मुलखातीलच इतिहास पाहा. डॉक्टर विल्यम वान्लेस ह्यांनी मिरजेस १८९४ साली इस्पितळ उघडिले, आणि १८९७ साली तेथे परिचारिकांची शाळा सुरू झाली. येडशीवरून गेलेली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातुरास व १९२७ साली मिरजेस पोहोचली, आणि ह्या बालाघाटातील गावे व मिरजेचे इस्पितळ एका रुळाने जोडिली गेली. त्या काळी परक्याच्या जखमा धुणे, परक्याची घाण काढणे, हे काम उच्चवर्णीय हलके मानीत. अशा शाळांनी त्या कामास शिक्षण दिले, नाव दिले आणि पगार दिला. काम तेच राहिले. पण ते मोजले गेले, आणि मोजले गेल्याने त्याला मान मिळाला. इस्पितळात ज्या कामास आपण मान देतो, तेच काम आपल्या घरच्या खाटेशी झाले म्हणून त्याचा मान कमी होत नाही.

कोणी म्हणेल, ती तर आमची नात्यातली आहे. तिला पैसे देणे बरे दिसत नाही. निर्गम पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. फारोच्या कन्येने मोशेला पाण्यातून काढिले आणि त्याला पाजण्यासाठी एक इब्री बाई बोलाविली. ती बाई त्या बाळाची सख्खी आई होती. तरीही फारोच्या कन्येने तिला वेतन देण्याचे कबूल केले, आणि आईने ते घेतले (निर्गम २:९). सख्ख्या आईने आपल्याच लेकराला पाजिले आणि त्याची मजुरी घेतली, ह्यात शास्त्राने तिला दोष दिलेला नाही. मग दूरच्या पुतणीने किंवा विधवा जावेने आपला दिवस मोडून तुमच्या आईची शुश्रूषा केली, तर तिने हात पुढे करू नये असे कोणत्या वचनाने म्हणावे?

दुसरी गोष्ट : अर्धा वेळ म्हणजे अर्धा दिवस नव्हे.

येथे प्रामाणिक माणूसही फसतो. तो म्हणतो, बाई चार तास येते. दिवस आठ तासांचा. म्हणून अर्धा रोज दिला म्हणजे न्याय झाला. पण जरा तिच्या चुलीपाशी उभे राहून तिच्या दिवसाकडे पाहा. सकाळी सातला ती तुमच्या घरी येते आणि नऊला सुटते. संध्याकाळी पाचला पुन्हा आले पाहिजे. मधल्या वेळात ती दुसऱ्याच्या शेतावर जाऊ शकते काय? पाच वाजता गावात परतायचे असेल तर शेतकरी तिला पूर्ण रोजाने घेणार नाही. आणि सोयाबीनच्या काढणीत गुत्ते घेतलेली टोळी तिच्यासाठी चार वाजता काम सोडणार नाही. म्हणजे तुम्ही चार तास घेतले, पण तिचा दिवस मोडिला. आठवड्याचे सातही दिवस तसाच.

एका उदाहरणाने हिशेब करू. रोजगार हमी योजनेचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरविला होता. हा दर कोणाला श्रीमंत करण्याचा नव्हे. ज्याला दुसरे काम नाही त्याच्या पोटापुरता तो आहे. आठ तासांचा दिवस धरिला तर तासाला ३९ रुपये पडतात. चार तासांचे १५६, आणि तीस दिवसांचे ४,६८० रुपये. पूर्ण दिवसाच्या दराने तीस दिवसांचे होतात ९,३६० रुपये. योग्य वेतन ह्या दोन आकड्यांच्या दरम्यान आहे. खालचा आकडा तेव्हाच शोभेल, जेव्हा तुमच्या कामानंतर तिला दुसरे पूर्ण काम मिळण्यास खरोखर मोकळीक राहते. उदाहरणार्थ, जर ती फक्त पहाटे येऊन जाते. जर सकाळ-संध्याकाळच्या दोन खेपांनी तिचा मधला दिवस निम्मा वाया जात असेल, तर निम्म्यावर आणखी त्याचा निम्मा चढवावा, म्हणजे सुमारे सात हजार होतात. आणि जर दुपारच्या औषधासाठीही तिला बोलाविले, तर तिचा सारा दिवस तुमचा झाला. मग तासांचा हिशेब करू नका, पूर्ण रोज द्या.

गावात बाईमाणसाचा शेतावरचा रोज पुरुषाहून कमी देण्याची चाल आहे. तो कमी दर आणून ह्या हिशेबात घालू नये. १९७२ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातील हजारो बायांनी रस्त्यांवर व पाझर तलावांवर खडी फोडिली, माती वाहिली. त्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने, १९७७ साली, स्त्री-पुरुषांस समान मजुरी मान्य केली. सरकारने खडीच्या कामावर जे ओळखिले ते ख्रिस्ती घराने खाटेच्या कामावर ओळखू नये काय? आणि वर सांगितलेला दर हा तळ आहे. तुमच्या गावात हंगामाचा रोज त्याहून अधिक चालत असेल तर तो विचारून घ्या व त्यावरून हिशेब मांडा. जड रोगी, रात्रीची जाग, लघवीची नळी, साखर तपासणे, असे कसबाचे काम असेल तर त्याबद्दल आणखी वाढवा.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी येथे आठवतो. त्याने पाच वाजता आलेल्या मजुरासही पूर्ण दीनार दिला. तो दाखला मुख्यतः देवाच्या कृपेविषयी आहे, मजुरीच्या दराविषयी नाही, हे खरे. परंतु प्रभूने तो दाखला ज्या गोष्टीवर उभा केला ती गोष्ट पाहण्यासारखी आहे : माणसाचे पोट तासांवर चालत नाही, दिवसावर चालते. तास निम्मे झाले म्हणून तिच्या लेकरांची भूक निम्मी होत नाही.

तिसरी गोष्ट : वेतन आधी ठरवावे, तोंडावर ठरवावे, आणि लिहून ठेवावे.

आपल्या गावांत पुष्कळदा काय घडते? मालकीणबाई विचारते, "मावशी, काय द्यायचे तुम्हांला?" मावशी पदर सावरून म्हणते, "तुम्ही काय परके आहात? द्याल ते द्या." मालकीणबाई म्हणते, "बरे, आमच्या घरच्यासारख्याच तुम्ही." आणि दोघींचे समाधान झाले असे दिसते. परंतु झाले काय? एकीने लाजेने मागितले नाही, आणि दुसरीने त्या लाजेचा लाभ घेतला. द्याल ते द्या, ह्या बोलण्यात नम्रता थोडी असते आणि भीती पुष्कळ असते : जास्त सांगितले तर दुसरीला बोलावतील. ख्रिस्ती माणसाने त्या भीतीवर आपला संसार स्वस्त करू नये.

लाबानाची गोष्ट पाहा. तो याकोबाला गोड बोलला : तू माझा नातलग म्हणून माझी चाकरी फुकट करावी काय? वेतन काय ते सांग (उत्पत्ती २९:१५). आरंभ तर उत्तम होता. परंतु पुढे त्याच याकोबाने आपल्या बायकांस सांगितले की बापाने माझे वेतन दहा वेळा फिरविले (उत्पत्ती ३१:७). गोड आरंभाने न्याय होत नाही. ठरलेल्या शब्दास चिकटून राहिल्याने होतो.

आणि बंधूंनो, हे आपण इतरांहून अधिक जाणिले पाहिजे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे वाडवडील गावकीची कामे करीत. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण इंग्रजी मुलखात असो की निजामाच्या, गावकीच्या कामाची रीत एकच. हाक आली की जावे. काम किती ते ठरलेले नाही. मोबदला काय तोही ठरलेला नाही. खळ्यावरचे मूठभर धान्य, दारोदारची शिळी भाकर, आणि वर उपकाराची भाषा. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याची दुरुस्ती मांडिली तेव्हा त्यांचे हेच गाऱ्हाणे होते, की ह्या कामास दिवस-रात्रीची मर्यादा नाही, एक जण घरी नसेल तर घरातील दुसऱ्यास धरितात, आणि त्याचा मोबदला मात्र नाममात्र. ज्यांच्या घराण्याने न मोजलेल्या कामाचा आणि न ठरलेल्या मजुरीचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाहिला, त्यांच्या घरी आज एक बाई दिवसातून दोनदा येते. तिला आपण उरलेले कालवण आणि जुने लुगडे देऊन, घरच्यासारखी म्हणून बोळवले, तर आपण बलुत्याची रीत उंबऱ्याबाहेर टाकिली नाही. केवळ तिचे धनी बदलिले. इस्राएलास देवाने वारंवार सांगितले की तुम्ही मिसर देशात दास होता हे विसरू नका. आणि मजुराविषयीच्या आज्ञांच्या शेजारीच ही आठवण घातली आहे (अनुवाद २४:१४-१८). ती आठवण आपल्यासाठीही आहे.

म्हणून एक साधी वही करा. तीत पहिल्याच दिवशी दोघांच्या समक्ष इतके लिहा : कोणत्या वेळी यावे व किती वेळ थांबावे, कोणती कामे तिची व कोणती नाहीत, महिन्याचे वेतन किती व कोणत्या तारखेस, आठवड्यातून सुट्टीचा दिवस कोणता, आणि त्या दिवशी खाटेशी घरातले कोण बसेल, ती आजारी पडल्यास काय. सुट्टीच्या दिवसाचे वेतन कापू नये, कारण शब्बाथाच्या आज्ञेत दासदासींचाही विसावा देवाने सांगितला आहे. साबण, हातमोजे, फडकी ही घरच्यांनी आणावी. चहा-भाकर द्यावी, पण ती वेतनातून वजा करू नये. वेतन तिच्या स्वतःच्या हाती किंवा तिच्या खात्यात द्यावे. उचल दिली तर तिचा आकडा लिहावा, आणि त्या उचलीच्या जोरावर तिला बांधून ठेवू नये.

तिचे नावही सरकारदरबारी नोंदवावे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी २००८ साली कायदा झाला आहे. तो पगार ठरवीत नाही, परंतु घरकाम करणाऱ्या बाईस कामगार म्हणून ओळखतो. जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने जून २०११ मध्ये घरकामगारांविषयी १८९ क्रमांकाचा करार संमत केला, त्याचेही सार हेच, की घराच्या भिंतीआड केलेले काम हे कामच आहे. जगाने हे आता म्हटले. मोशेच्या नियमशास्त्राने फार पूर्वी म्हटले होते.

चौथी गोष्ट : वरचा खर्च.

शोमरोन्याने दोन दीनार दिले, पण तेवढ्यावर आपला हात आखडला नाही. रोग किती लांबेल हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने पुढचा शब्द दिला. आजाऱ्याचे काम ठरलेल्या मापात राहत नाही. आरंभी म्हातारी काठी धरून मोरीपर्यंत जात होती. चार महिन्यांनी ती उठेनाशी होते. बाईचे वेतन मात्र पहिल्या दिवशीचेच. हा न्याय नव्हे. दुखणे वाढले की काम वाढते, काम वाढले की वेतन वाढले पाहिजे. आणि ही गोष्ट बाईने मागण्याआधी घरच्यांनी काढावी. रात्री अपरात्री हाक मारिली तर त्या रात्रीचे निराळे द्यावे. वर्ष उलटले तर महागाई पाहून वाढ द्यावी. आणि जेव्हा प्रभू त्या रोग्यास आपल्याकडे नेतो, तेव्हा मातीच्या दुसऱ्याच दिवशी त्या बाईस, उद्यापासून येऊ नका, एवढेच सांगून रिकाम्या हाती पाठवू नये. तिचा चालू महिना पूर्ण द्यावा, आणि ऐपत असेल तर दुसरे काम मिळेपर्यंत आणखी काही द्यावे. तिनेही त्या घरात एक माणूस गमाविले आहे.

पाचवी गोष्ट : घर गरीब असेल तर काय?

हा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून उपदेश करणे बरे नव्हे. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक घरे हातावर पोट असणारी आहेत. ज्या घरात महिन्याला दहा-बारा हजार येतात ते घर सात हजार कोठून देईल? ह्यास उत्तर असे, की ऐपत नसेल तर तास कमी करा, दर कमी करू नका. सकाळची एकच खेप ठेवा. संध्याकाळ घरच्यांनी उचलावी. भाऊ तीन असतील तर तिघांनी वाटून घ्यावे. पुण्याच्या भावाने पैसा द्यावा, आणि गावच्या भावाने व भावजयीने खाटेशी जो वेळ दिला तोही त्यांच्या वाट्यात मोजावा. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शहरातील मुलगा, मी सणाला येतो, मी प्रार्थना करितो, असे म्हणून मोकळा होतो तेव्हा तो कर्बान म्हणणाऱ्या परूशाच्या पंक्तीस बसतो. देवाला वाहिले असे म्हणून आईबापास उपाशी ठेवणाऱ्यांस प्रभूने कोणत्या शब्दांत झाडिले ते मार्काच्या सातव्या अध्यायात वाचावे.

आणि ज्यास भाऊ नाहीत, मुलगे नाहीत, त्याच्यासाठी मंडळी आहे. मंडळीने आळीपाळीने बसावे, किंवा मदतनिधीतून वेतनाचा एक भाग उचलावा. दान करावयाचे ते आपण सर्वांनी मिळून करू. जी बाई स्वतः विधवा आहे, जिची दोन लेकरे शाळेत आहेत, तिच्याच मजुरीतून कापून आपण आपल्या गरिबीची भरपाई केली, तर दान तिने केले आणि नाव आपले झाले.

पुष्कळ भाविक माणसे म्हणतील : प्रभूने तर शिष्यांचे पाय फुकट धुतले, मग ख्रिस्ती बाईने ख्रिस्ती घरात मोल का मागावे? प्रियांनो, प्रभूने कमरेस रुमाल बांधिला आणि दासाचे काम आपल्या हाताने केले, ह्यापरते त्या कामास मोठेपण नाही. परंतु नीट पाहा : त्याने स्वतःचे श्रम दिले, पेत्राला किंवा योहानाला, तुम्ही फुकट धुवा आणि मी बसतो, असे सांगितले नाही. स्वतःचे श्रम फुकट देण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याचे श्रम फुकट घेण्याचा अधिकार कोणासही नाही. ज्यास प्रभूसारखे व्हावयाचे आहे त्याने रुमाल आपल्या कमरेस बांधावा. आणि ज्यास वेळ नाही त्याने दोन दीनार काढावे.

आता शुश्रूषा करणाऱ्या भगिनींस दोन शब्द. तुमचे वेतन सांगताना मान खाली घालू नका. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, असे प्रेषिताचे म्हणणे आहे (१ तीमथ्य ५:१८). किती तास, कोणते काम, किती वेतन, हे स्पष्ट विचारा. विचारणे हा लोभ नव्हे. आणि एकदा ठरल्यावर ठरलेला वेळ पाळा, कारण रोगी बोलू शकत नसला तरी देव पाहतो. म्हातारीची कूस कोणी पाहत नसतानाही पालटणारी बाई माणसाची नव्हे, प्रभूची चाकरी करिते (कलस्सै ३:२३).

आणि उपदेशक बंधूंस, पंतोजींस विनंती. तुमच्या मंडळीत कोणत्या घरी असे दुखणे आहे आणि तेथे कोण येते ते माहीत करून घ्या. वेतन ठरविताना दोन्हीकडचे लोक तुम्हांस साक्षीस बोलावितील. तेव्हा मोठ्या घराकडे कल देऊ नका. वही लिहिता येत नसेल तर लिहून द्या, आणि दोघांस वाचून दाखवा. मंडळीतील एखाद्या विधवेस, ही आपलीच आहे, म्हणून आजाऱ्याच्या घरी फुकट धाडण्याची सवय असेल तर ती सोडा. तिला धाडावयाचे असेल तर आधी तिच्या चुलीची सोय करून धाडा. आजाऱ्याच्या खाटेशी प्रार्थना करून निघताना त्या घरच्या मालकास बाजूस घेऊन एक प्रश्न विचारीत जा : बाईचे ह्या महिन्याचे दिले काय?

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सांगतो की अडकविलेली मजुरी स्वतः ओरडते, आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. मजूर गप्प बसला तरी मजुरी गप्प बसत नाही. आपण ज्या खोलीत आईसाठी प्रार्थना करितो, त्याच खोलीत ती मजुरी ओरडत असेल, तर दोन्ही आवाज देवाकडे एकदमच पोहोचतात. तो आधी कोणाचे ऐकेल ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी करावा.

प्रार्थना : हे प्रभू, तू आजाऱ्यांच्या खाटेशी येतोस आणि त्यांच्याजवळ बसणाऱ्यांचेही कष्ट पाहतोस. आमच्या आईबापांस विसावा दे. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या हातांस बळ दे, आणि त्या हातांत त्यांचे जे आहे ते वेळेवर ठेवण्याची बुद्धी आम्हांस दे. आमच्या घरात कोणाचे काही अडकून राहिले असेल तर ते आज सूर्य मावळण्यापूर्वी आमच्याकडून देवीव. आमेन.